कॉपी करता करता...

कॉलेजच्या फेस्टमध्ये साऊंडचेक चालू असताना जरा स्टेजच्या मागे जा आणि एखाद्या गिटारिस्टच्या गिटारचा हेडस्टॉक मागच्या बाजूनं बघा. पुढे ऐटीत यामाहा किंवा आयबानेझ लिहिलेलं असतं, मागे बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडोनेशिया’ नाहीतर ‘मेड इन चायना’. एखाद्याच नशीबवानाच्या गिटारवर ‘मेड इन जपान’ सापडतं आणि तो भाऊ ती गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. गंमत अशी, की साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच तीन शब्द गिटारवर दिसले की लोक नाक मुरडायचे. जपानी म्हणजे स्वस्त आणि स्वस्त म्हणजे टुकार, विषय संपला!

आयबानेझ हे नाव जपानी वाटत नाही ना? नाहीच आहे ते. नागोया शहरात होशिनो नावाचं पुस्तकांचं दुकान होतं. १९०८ मध्ये त्यांनी वाद्यविक्री सुरू केली आणि १९२९ पासून स्पेनमधल्या साल्वादोर इबान्येझच्या गिटारी मागवायला लागले. पुढे ते नाव घेऊन त्यांनी जपानमध्येच गिटारी बनवायला सुरुवात केली. म्हणजे पहिली उसनवारी नावापासूनच!

इलेक्ट्रिक गिटारचं वेड मात्र १९६५ च्या सुमारास लागलं. त्याला कारण ‘द व्हेंचर्स’ हा अमेरिकन बँड. यांच्यात गाण्यापेक्षा गिटारी जास्त, त्यामुळे भाषेचा प्रश्नच आला नाही. पोरं तिला ‘एलेकी’ म्हणायला लागली आणि जो तो एलेकीच्या मागे. मोठी माणसं हादरली. आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळानं तर विद्यार्थ्यांनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीच नाही, असा फतवा काढला. अशा फतव्यांचा उपयोग किती होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टेइस्को ही १९४६ मध्ये सुरू झालेली कंपनी तेव्हा जोरात होती. तिच्या गिटारी आज बघितल्या तर हसू येतं. चार-चार पिकअप, बटणांची रांग, चित्रकाराच्या पॅलेटसारखा आकार. अमेरिकेत त्या ढिगानं विकल्या गेल्या. घेणारी बहुतेक नवशिकी पोरं, कारण फेंडर किंवा गिब्सन त्यांना परवडायची नाही. (पुढे राय कूडरसारख्या वादकानं टेइस्कोचा सोनेरी पत्र्याचा पिकअप काढून आपल्या फेंडरवर बसवला आणि भंगारातल्या त्या पिकअपला भाव आला, तो भाग वेगळा.) दशक संपता संपता हा फुगा फुटला. टेइस्को १९६७ मध्येच कावाईकडे गेली होती, कितीतरी छोटे कारखाने बंद पडले.

जे टिकले त्यांनी वेगळा रस्ता धरला. आपलं डोकं चालवायचं नाही, सरळ कॉपी करायची. गिब्सनची लेस पॉल, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. सुरुवातीच्या कॉप्या अगदीच वरवरच्या होत्या. लेस पॉलची मान बॉडीत चिकटवलेली असते; यांनी ती स्क्रूनं जोडली. खऱ्या लेस पॉलचा फुगीर वरचा भाग भरीव लाकडाचा. यांच्यात बऱ्याचदा दाबून वाकवलेला प्लाय आणि खाली पोकळी. बोटानं टकटक केलं की नारळ कळतो तशी ही गिटार कळायची.

पण ही मंडळी तिथे थांबली नाहीत, आणि मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात भारी वाटते. नागानो प्रांतात डोंगरांच्या कुशीत मात्सुमोतो नावाचं शहर आहे. हवा कोरडी, लाकूडकामाची जुनी सवय. इथल्या मात्सुमोकु कंपनीत शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेट बनायची, तिथेच गिटारी बनायला लागल्या. १९६० मध्ये सुरू झालेली फुजिगेन याच गावची. आयबानेझ आणि ग्रेको हे दोन्ही ब्रँड तिच्याकडून माल घ्यायचे. दर वर्षी कॉपी थोडी सुधारायची. मान चिकटायला लागली, पोकळी भरली, पिकअप सुधारले. एखाद्या उस्तादाची चीज शिष्य आधी फक्त सुरांत उचलतो आणि वर्षांनी त्याला तिच्यातल्या जागा कळायला लागतात, तसंच काहीसं.

नेमकं त्याच काळात उस्तादांचं लक्ष उडालं होतं. फेंडर १९६५ मध्ये सीबीएसनं विकत घेतली होती, गिब्सन १९६९ मध्ये नव्या मालकांकडे गेली आणि हे मालक पुढे नॉर्लिन म्हणून ओळखले गेले. खर्चात काटछाट सुरू झाली. फेंडरनं स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचे चार स्क्रू तीनवर आणले, गिब्सननं बॉडीसाठी लाकडाचे तुकडे थरावर थर चिकटवले. जुन्या गिटारी बऱ्या, असं वादक उघड बोलायला लागले. आणि या जुन्या गिटारींच्या जवळ जाणारं नवं काही दुकानात असेलच, तर ते जपानी होतं!

मग व्हायचं तेच झालं. १९७७ मध्ये नॉर्लिननं आयबानेझच्या अमेरिकन शाखेवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा ठोकला. मुद्दा आवाजाचा नव्हता, बॉडीचाही नव्हता. हेडस्टॉकच्या वरच्या कडेचा होता. गिब्सनची ती कड उघड्या पुस्तकासारखी दिसते. पुस्तकांच्या दुकानातून निघालेल्या कंपनीवर पुस्तकाच्या आकारावरून खटला! आयबानेझनं तो आकार आधीच बदलला होता. पुढच्या वर्षी प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पण ‘लॉसूट गिटार’ हा शब्द मात्र चिकटला. आज सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी कॉपी विकताना हा शब्द लावून किंमत वाढवतात, त्या गिटारचा खटल्याशी संबंध असो वा नसो. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, सावधान.

कॉपीच्या बाहेर पडायची धडपड तोवर सुरू झालीच होती. कार्लोस सांतानानं यामाहाची गिटार वाजवून बघितली आणि ती हलकी वाटते, सूर लांबत नाही, अशी तक्रार केली. यामाहानं १९७६ मध्ये एसजी-२००० काढली. मान गिटारच्या पोटातून आरपार शेवटपर्यंत, आणि ब्रिजखाली पितळेची जाड पट्टी. वजन दणकून वाढलं आणि सूरही लांबला. ही आता कुणाची नक्कल नव्हती.

फेंडरनं कोर्टाऐवजी दुसरा मार्ग निवडला. १९८२ मध्ये ‘फेंडर जपान’ सुरू झाली. त्यात भागीदार कोण? तर कांदा शोकाई, म्हणजे ग्रेको या नावानं फेंडरच्या कॉप्या विकणारी मंडळी. आणि गिटारी बनवणार कोण? फुजिगेन! कॉपी करणाऱ्यांच्याच हातात अधिकृत शिक्का दिला. १९८५ मध्ये सीबीएसनं फेंडर तिथल्याच अधिकाऱ्यांना विकली. त्या सौद्यात कारखाना नव्हता. अमेरिकेत नवा कारखाना उभा राहीपर्यंत या अस्सल अमेरिकन कंपनीचा बराचसा माल जपानमधून येत होता. त्या काळातल्या ‘जेव्ही’ क्रमांकाच्या गिटारींसाठी आज शौकीन हात सैल सोडतात.

आयबानेझनं १९८७ मध्ये स्टीव्ह वायसोबत जेम काढली, बॉडीत चक्क हात घालून उचलायची खाच असलेली. तीन वर्षांनी सात तारांची युनिव्हर्स आली आणि पुढे कॉर्नसारख्या बँडनी त्या सातव्या तारेवर मेटलचा आवाजच बदलून टाकला. आता कॉपी आयबानेझची व्हायला लागली.

याच सुमारास येन झपाट्यानं महाग झाला. स्वस्त गिटार जपानमध्ये बनवणं परवडेना. मात्सुमोकु १९८७ मध्ये बंद पडली. नवशिक्यांसाठीच्या गिटारींचं काम कोरियात गेलं, मग इंडोनेशिया आणि चीनमध्ये. जपानकडे आयबानेझच्या प्रेस्टिजसारख्या वरच्या मालिका राहिल्या. २०२३ मध्ये फेंडरनं आपलं मोठं खास दुकान उघडलं, तेही टोकियोत, हाराजुकूला.

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात कोर्ट या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तिथे स्वतःच्या नावाबरोबर इतर ब्रँडच्याही गिटारी बनतात, जशा एकेकाळी मात्सुमोतोत बनायच्या. तेव्हा पुढच्या साऊंडचेकला ‘मेड इन इंडोनेशिया’ वाचून एखादा सीनियर नाक मुरडताना दिसला, तर गिटार त्याच्या हातात द्या आणि डोळे मिटून वाजवायला सांगा.