दिढीचे बी

जव्हारला मी पहिल्यांदा गेलो तो हवा खायला. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिला, दाभोसाचा धबधबा पाहिला आणि मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशी एक कविताही परतीच्या एस्.टी.त जुळवली. सुदैवाने ती हरवली. दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्यांचे श्रमशिबिर घेऊन मोखाड्याच्या बाजूला गेलो. ज्या घराच्या ओटीवर आमचा मुक्काम होता, तिथल्या आजींनी निघताना माझ्या रुमालात दोन मुठी भात बांधून दिले. खायला नव्हे, बी म्हणून. वाणाचे नाव काळी खडशी.

ते बी मी एका सुबक काचेच्या बरणीत घालून पुस्तकांच्या कपाटात ठेवले. आल्यागेल्याला दाखवीत असे आणि ‘आदिवासी संस्कृतीचा अमोल ठेवा’ अशी दोन-चार वाक्येही ऐकवीत असे. तीन वर्षांनी पुन्हा त्या घरी गेलो. चहाचा पेला पुढे करीत आजींनी विचारले, “मास्तर, पेरलंत का?”

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र राहवेना. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले आणि चौथ्या, मग आठव्या दिवशी फडके उलगडून पाहिले. एकाही दाण्याला मोड नव्हता. वर्षानुवर्षे ज्या बियाला कोणी मरू दिले नव्हते, ते मी फार कौतुकाने मारले होते.

आपल्या दमट हवेत भाताचे बी असे उघड्यावर फार काळ तग धरीत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ते उणे 18 अंशांत ठेवतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, स्वालबार्डच्या डोंगरात 2008 साली जगभरच्या बियांची जी कोठी उघडली, तिथेही तितकीच थंडी राखतात. पण तिथे बी नुसते झोपलेले असते. पाऊस लांबला, कीड बदलली, तर त्याला तोंड द्यायचे ते शेतातच. म्हणून गावठी वाण जगवायचा तर तो दरसाल कोणीतरी, कुठेतरी पेरलाच पाहिजे. एक वर्ष चुकले की साखळीचा एक दुवा निखळतो.

आणि इथेच पैशाची गोष्ट येते. जव्हार भागात ‘बाएफ’ या संस्थेने (तीच ती, मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेली) शेतकऱ्यांना हाताशी धरून भात, नागली, वरईचे गावठी वाण गोळा केले, त्यांची बियाणेघरे उभी केली. नागलीची नावे तरी ऐका: ढवळपेरी, कळपेरी, शितोळी, दसरबेंद्री. शब्दकोशात शोधाल तर सापडायची नाहीत. 2014 मध्ये राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ हा पाच वर्षांचा प्रकल्प सुरू झाला. पुढल्या पाच वर्षांसाठी सुमारे 172 कोटींना राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला 2022 चा एप्रिल उजाडला. रक्कम लहान नाही, त्याबद्दल कुरकुर नाही. पण फाईल टेबलावर थांबू शकते, मृग थांबत नाही. प्रकल्पांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत बी जगते ते ज्याच्या घरी कणगी आहे त्याच्या जिवावर. आणि त्याचे नाव कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

2004 साली जगात पीकवैविध्यासाठी एक न्यास स्थापन झाला. त्याची कल्पना आपल्या देवस्थानच्या नंदादीपासारखी आहे: मुद्दल गुंतवून ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून जनुकपेढ्यांना दरसाल तेल घालायचे. हे वाचून मी हरखलो आणि मोठ्या उत्साहाने आजींना सांगितले. त्या हसल्या. त्यांच्या बियाणेघराची रीत अशी, की पायलीभर बी नेणाऱ्याने सुगीला दीड पायली आणून घालायचे. मुद्दल हलत नाही, वाढते. हीच दिढी एकेकाळी सावकार घेत असे, आणि तिच्यात या मुलखातल्या किती पिढ्या गहाण पडल्या हे गोदावरी परुळेकरांच्या वाचकांना सांगायला नको. तोच शब्द, तेच माप. कोठी मात्र गावाची झाली.

सरकारच्या घरी दरसाल येणारा पैसा अगदीच नाही असेही नव्हे. पेसा कायदा 1996 चा. त्याखालील गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2015 मध्ये घेतला. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते, आणि वनसंवर्धन, जलसंधारण अशी कामे त्यात बसतात. सिमेंटचे काम डोळ्यांत भरते, फोटोही छान येतो. बियाणेघराच्या कुडाचा कोण काढणार? तरी माझे मत असे, की त्यातला थोडा वाटा दरसाल न चुकता बी राखणाऱ्यांना मिळावा. हजारो नकोत, पण आज आले, उद्या नाही, असे नको.

कारण बी राखायला माणूस गावात राहावा लागतो. इथे दिवाळी झाली की घरेच्या घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. माझ्या वर्गात मोखाड्याचा एक मुलगा आहे. मागल्या वर्षी त्याला घेऊन मी आजींकडे गेलो आणि शरमत पुन्हा बी मागितले, या वेळी त्याच्यासाठी. आजींनी पायलीभर मोजून दिले. दिढीने, हे बजावून. त्याने ते बापाच्या तुकड्यात लावले. परवा कापणी झाल्याचा त्याचा फोन आला. पीक बरे आहे, पण वडिलांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे आणि भाऊबीज झाली की सारे निघणार आहेत. झोडपून वाळवलेली दीड पायली आजींकडे पोचवायची कोणी, एवढेच तो विचारीत होता.

मी येतो म्हणून सांगितले आहे. सुट्टीतली पहिली एस्.टी. पहाटेची आहे.