‘सीपीयू तापतोय’ म्हणजे नेमकं काय तापतंय?

मुंबईत आमच्या वाकोल्यात कुणाचा कॉम्प्युटर अडला की तक्रार एकाच शब्दात येते, "सीपीयू." सीपीयू आवाज करतोय, सीपीयू तापतोय, सीपीयूला मुंग्या लागल्यात. बोट मात्र अख्ख्या डब्याकडे असतं. खरा सीपीयू त्या डब्यात मदरबोर्डवर बसलेला, काडेपेटीएवढा. डब्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात, आपणही म्हणू या, कारण निम्मे गैरसमज या नावातल्या घोळातूनच सुरू होतात. लोक कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवून ताप बघतात, जसा पोराच्या कपाळावर ठेवावा. पत्रा थंड, म्हणजे सगळं ठीक. मागून गरम वारा येतोय, म्हणजे काहीतरी बिघडलं.

बहुतेक वेळा असतं उलटंच. मागून गरम वारा येतोय याचा अर्थ आतली उष्णता बाहेर पडतेय. चिप तापलेली असताना मागून काहीच येत नसेल, तर काळजी करावी.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या मुलानं हाक मारली. ॲनिमेशनचा कोर्स करतो, रात्रभर रेंडर लावून झोपतो. मशीन अर्ध्या तासानं मंदावायचं. त्यानं त्याआधीच रंगीत दिव्यांचे तीन फॅन आणून बसवले होते आणि आता त्याला पाण्यावर चालणारा कूलर घ्यायचा होता. मी गेलो तेव्हा ते कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात होतं. हे टेबल तुम्हाला ठाऊक आहे: वर मॉनिटर, खाली ओढायची कीबोर्डची फळी, बाजूला सीपीयूसाठी बंद कप्पा, त्याला दार आणि पाठीमागे खिळ्यांनी ठोकलेलं प्लायवूड. मागच्या फॅननं फेकलेली गरम हवा त्या प्लायवर आपटून पुन्हा पुढून आत जात होती. खोलीत ३३ अंश असताना पुढच्या जाळीशी धरलेला तापमापक ४४ दाखवत होता. म्हणजे वाकोल्यात बसून त्या मशीनला नागपूरचा उन्हाळा.

पक्कड घेऊन प्लाय काढला. त्याच रेंडरला प्रोसेसरचं तापमान ९४ वरून ८३ वर आलं. खर्च शून्य.

"फॅन लावला की थंड होतो"

फॅन थंडावा तयार करत नाही. तो खोलीतली हवा तापलेल्या धातूवरून नेतो, एवढंच. त्यामुळे कितीही महागडा फॅन लावला तरी आतला कोणताही भाग खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. माणसाला पंख्याखाली गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही.

म्हणून आकडा बघायचा तो नुसत्या प्रोसेसरचा नाही, प्रोसेसर आणि खोली यांच्यातल्या फरकाचा. जानेवारीत खोलीत २५ असताना ७३, आणि एप्रिलमध्ये खोलीत ३४ असताना ८२, दोन्ही वेळा फरक ४८. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, ऋतू बदलला आहे. आणि खोलीचं तापमान खोलीतच मोजा. मुंबईच्या बातम्यांतला एक आकडा कुलाब्याचा असतो आणि दुसरा आपल्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेचा. याच वेधशाळेत २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. पण वेधशाळेची नोंद सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीतली असते. पत्र्याच्या छपराखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली त्याहून तापते.

"८० अंश! आता जळणार"

पाण्याच्या उकळीशी तुलना केली की ८० हा आकडा भयंकर वाटतो. चिपचं मोजमाप वेगळं. इंटेलच्या कोअर आय-फाइव्ह १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची ९०. रायझन ७६००एक्ससारखे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ च्या आसपास चालावेत अशाच बेतानं बनवलेत. मर्यादा गाठली की चिप आपला वेग आपणच कमी करते, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. जळत नाही. शेजारच्या मुलाचं मशीन मंदावत होतं ते यामुळेच.

मग उष्णतेची चिंता करायचीच नाही का? करायची, पण वेगळ्या कारणासाठी. मदरबोर्डवर आणि पॉवर सप्लायमध्ये जे दंडगोल कपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. आत कोंडलेली हवा चिपला मारत नाही, या कपॅसिटरना झिजवते.

"बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावा"

हा वाकोल्यातला सर्वात लोकप्रिय इलाज, आणि तो पूर्णपणे खोटा नाही. खरं तर ही फार चांगली तपासणी आहे. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावा, नेहमीचं जड काम वीस मिनिटं चालवा, आकडा टिपा. मग बाजूचा पत्रा काढून तेच काम पुन्हा. फरक तीन-चार अंशांचा असेल तर कॅबिनेटमध्ये हवा नीट खेळतेय, पैसे खर्च करू नका. दहा-बारा अंशांचा असेल तर कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. पत्रा काढूनही काही हललं नाही, तर दोष कॅबिनेटचा नाही. प्रोसेसरवरचा कूलर, त्याखालची पेस्ट किंवा धूळ बघा.

पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. हायवेला लागून राहणाऱ्यांना धुळीबद्दल सांगायला नको. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या विस्ताराचं काम इथं वर्षानुवर्षं चाललं, खिडकीच्या गजांवर सकाळी पुसलं तर संध्याकाळी पुन्हा बोट उमटायचं. उघडं कॅबिनेट म्हणजे या धुळीला आमंत्रण, शिवाय पाली आणि झुरळांना आयता गरम निवारा. एकदा मी पॉवर सप्लायच्या जाळीतून पालीच्या अंड्यांची टरफलं काढली आहेत.

आणि धुळीचा खरा अड्डा दिसत नाही. प्रोसेसरवरच्या कूलरचा फॅन चार स्क्रू काढून उचला. फॅन आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये करड्या रंगाचा, नमद्यासारखा जाड थर निघेल, अख्खाच्या अख्खा, पोळीसारखा उचलता येईल असा. वरून फॅन फिरताना दिसतो, हवा मात्र पात्यांपर्यंत पोचतच नाही. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या पंख्याची पाती पुसली जातात, मिक्सर धुतला जातो, कॅबिनेटकडे कुणी बघत नाही. वर्षातून दोनदा, वायर काढून, गॅलरीत नेऊन, एक इंची रंगाच्या ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भरमसाट वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही सर्किटला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

"फॅन जितके जास्त तितकं बरं"

जरा हिशेब करू. गेमिंग करताना मशीन ३०० वॉट खात असेल तर ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आत येणारी हवा बाहेर पडताना १० अंशांनी तापलेली चालेल असं धरलं, तर ही उष्णता वाहून न्यायला सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा लागते. मोठी बादली भरून थोडी उरेल एवढी. १२० मिलिमीटरचा साधा फॅन मोकळ्यावर साधारण तेवढीच हवा ढकलतो, जाळी आणि फिल्टरमागे निम्मी धरा. म्हणजे पुढून दोन आत, मागून एक बाहेर, इतक्यात बहुतेक घरगुती मशीनचं भागतं. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ आत ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते. चौथ्या-पाचव्या फॅननं एखाद-दोन अंश मिळाले तर मिळाले. आवाज मात्र हमखास मिळतो.

शेजारच्या मुलाचे तीन फॅन? पुढच्या बाजूला, सलग काचेच्या मागे. काचेला कडेनं बोटभर फट. दिवे सुंदर दिसत होते. फॅनला हवा कुठून मिळणार हा प्रश्न बनवणाऱ्यालाही पडला नव्हता आणि विकणाऱ्यालाही. त्यातला एक तर उलटा बसवलेला होता, दोघं आत ओढतायत आणि तिसरा बाहेर फेकतोय. फॅनची दिशा ओळखायला सोपी खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. तरी शंका असेल तर देवघरातली उदबत्ती घ्या. राख आत पडणार नाही इतक्या अंतरावर, जाळीसमोर धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मागच्या फॅनशी धरली तर दूर फेकला गेला पाहिजे. याहून स्वस्त उपकरण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही मिळणार नाही.

"गरम हवा वर जाते, म्हणून फॅन वरच हवा" हेही असंच अर्धवट. गरम हवा वर जाते खरी, पण इतक्या संथपणे की फॅनच्या झोतापुढे ते बळ नगण्य. वायरी नीट बांधल्यानं तापमान उतरतं हाही समज. दिसायला छान, फरक नावापुरता. त्यापेक्षा कॅबिनेट सतरंजीवर ठेवलं असेल तर आधी उचला, पॉवर सप्लाय बहुधा खालूनच हवा घेतो. आमच्याकडे तळमजल्यावरची मंडळी कॅबिनेट उंचावर ठेवतात ते वेगळ्या कारणानं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो इथं कुणी विसरलेलं नाही. पण त्या सवयीचा कॅबिनेटच्या श्वासालाही फायदाच झाला.

"पेस्ट भरपूर लावा"

प्रोसेसर आणि कूलर दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि खाचांत हवा. हवा उष्णता जवळजवळ वाहतच नाही. पेस्ट तिच्यापेक्षा शेकडो पट चांगली, पण तांब्यापुढे अगदीच मंद. म्हणून ती खाचा भरण्यापुरतीच हवी, थर देण्यासाठी नव्हे. वाटाण्याएवढा ठिपका, वरून कूलरचा दाब, झालं. टूथपेस्ट लावून बघितलेले महाभाग मला भेटलेत; दोन-चार दिवस चालते, मग वाळून भुगा होतो. आणि पेस्ट दरवर्षी बदलायची गरज नाही. कूलर काढला तर बदला, किंवा काही वर्षांनी तापमानाचा फरक वाढलेला दिसला तर.

"खरा इलाज पाण्याचाच"

पाणी उष्णता उत्तम वाहून नेतं यात वाद नाही. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाला थेट द्रवानं थंड करण्याची व्यवस्था आहे, कारण तिथं एका खोलीत हजारो गाभे (कोअर) एकत्र तापतात. तुमच्या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरची उष्णता मात्र पाणी नेतं कुठं? रेडिएटरपर्यंत. आणि रेडिएटर कशानं थंड होतो? त्याच फॅननं, त्याच ३३ अंशांच्या हवेनं. वर झिजणारा पंप वेगळा. प्लायवूडच्या बंद कप्प्यात पाच-सहा हजारांचा कूलर ठेवला असता तर तो ४४ अंशांच्या हवेशीच झगडत बसला असता.

आणि एक गोष्ट कोणताच कूलर करत नाही: खोली थंड. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे गेमिंग करणारं मशीन हे खोलीत बसलेले तीन पाहुणे. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या जुन्या २२५ चौरस फुटांच्या घरात ते जाणवतात. कूलर चांगला असेल तर ही उष्णता चिपमधून खोलीत लवकर येते, कमी होत नाही. कमी करायची तर ती निर्माणच कमी व्हायला हवी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमलाही ६० फ्रेमची मर्यादा घाला, जास्तीच्या फ्रेम दिसत नाहीत, फक्त तापवतात. ग्राफिक्स कार्डची वीजमर्यादा थोडी खाली आणा. आय-फाइव्ह १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॉट, पण टर्बोत तो ११७ वॉटपर्यंत जातो. बायोसमध्ये ही मर्यादा आवळता येते. रेंडर थोडं उशिरा संपेल, रात्री झोप लागेल.

शेजारच्या मुलानं पाण्याचा कूलर घेतला नाही. उलटा फॅन सुलटा केला, एक पुढून काढून मागे लावला, काचेच्या जागी साधी जाळी बसवली. टेबलाच्या कप्प्याला आता पाठ नाही, दारही काढून ठेवलंय. तुमच्या घरी तसलं टेबल असेल तर फॅन विकत आणायच्या आधी त्याच्या मागे वाकून बघा.