भूकंप आला तर पळायचं की थांबायचं? आधी घराकडे बघा

'तुम्हाला पण जाणवलं का?' जमीन जरा हलली की फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज हाच येतो. मग कुणी हलणाऱ्या पंख्याचा व्हिडिओ टाकतं आणि कुणीतरी 'आज रात्री १ वाजता मोठा धक्का बसणार' असा फॉरवर्ड ढकलतं. तो फॉरवर्ड बिनधास्त डिलीट करा. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत आजवर जगात कुणालाच सापडलेली नाही.

भारताखालची भूपट्टी वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते आणि तिबेटच्या बाजूच्या भूपट्टीला भिडते. खडकांत ताण साठत जातो. तो सोसेनासा झाला की खडक जुन्या भेगेवरून एकदम सरकतात, आणि आपल्याला हादरा बसतो. म्हणून हिमालय, ईशान्य भारत आणि कच्छला धोका सर्वात जास्त. दिल्लीलाही बराच, मुंबई-पुण्याला मध्यम. पण 'आमच्याकडे नाही होत भूकंप' असं म्हणण्याआधी किल्लारी आठवा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. त्या वेळच्या नकाशात लातूरचा हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! भूकंप ६.२ तीव्रतेचा. २००१ साली भुजला झालेल्या ७.७ च्या भूकंपात याच्या दीडशे पटींहून जास्त ऊर्जा होती. म्हणजे जगाच्या हिशेबात किल्लारीचा धक्का फार मोठा नव्हता. तरीही हजारो माणसं गेली, कारण घरं.

दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण दगड सांधलेले मातीने. भिंतीची आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, मधे दगडमातीची भर. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर जाड मातीचं माळवद. उन्हाळ्यात ही घरं थंड राहायची, त्यासाठीच तर ती तशी बांधायचे. धक्क्याने भिंती उकलल्या आणि तो सगळा भार झोपलेल्यांवर आला.

फ्लॅटमध्ये राहता म्हणून निश्चिंत होऊ नका. भुजच्या भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींना खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते आणि वर भिंतींनी भरलेले मजले. असा तळमजला लचकतो. तुमची बिल्डिंग अशी असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंग कुठला द्यायचा यावर भांडण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय काढा. आणि हॉल मोठा दिसावा म्हणून खांब किंवा बीम फोडायला निघालेल्या इंटिरियरवाल्याला तिथेच थांबवा.

आता घरातलं. आज झोपण्याआधी पलंगावर आडवे व्हा आणि वर बघा. डोक्यावर जड फ्रेम आहे? माळ्यावर कडेला पितळी हंडा ठेवलाय? उंच कपाट मुलांच्या अंगावर पडेल असं उभं आहे? जड वस्तू खाली आणा, कपाट भिंतीला अँगलने ठोकून घ्या. पलंगाजवळ चपला आणि टॉर्च असू द्या. फुटलेल्या काचेने पाय कापणं ही भूकंपातली अगदी नेहमीची दुखापत.

धक्का बसताना हाती असतात थोडे सेकंद. फ्लॅटमध्ये असाल तर जिन्याकडे धावू नका, लिफ्टला तर हातच लावू नका. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. टेबल नसेल तर खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी बसून हातांनी डोकं आणि मान झाका. पलंगावर असाल तर तिथेच पालथे व्हा, डोक्यावर उशी घ्या. 'टेबलाखाली नको, फर्निचरच्या बाजूला त्रिकोणात झोपा' हाही फिरणारा सल्ला तज्ज्ञ मानत नाहीत. गावाकडच्या दगडमातीच्या घरात तळमजल्यावर दाराशीच असाल, तर मात्र मोकळ्या अंगणात निघा, भिंतीपासून दूर.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये भूकंपाच्या सूचनेचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. भूकंप सुरू झाल्यावर मोठ्या लाटा तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी काही सेकंद तो इशारा देऊ शकतो. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर तेवढाही वेळ मिळणार नाही, हे लक्षात असू द्या.

हादरे थांबले की गॅसचा रेग्युलेटर बंद करा. वास येत असेल तर लाइटचं बटण दाबू नका. फोन लागत नसेल तर एसएमएस करून बघा. दुसऱ्या शहरातली एखादी मावशी किंवा काका आजच ठरवून ठेवा, म्हणजे सगळे आपली खुशाली त्यांनाच कळवतील. आफ्टरशॉक तासाभराने येतात तसे काही दिवसांनीही येतात. म्हणून भिंतीला तडा गेलेल्या घरात 'फक्त चार्जर घेऊन येतो' म्हणत कुणालाही परत शिरू देऊ नका.