चाकणच्या खोक्यांतून झाडावरचं घर

चाकण एमआयडीसीत परदेशातून यंत्रं येतात ती बहुतेकदा पाइनवूडच्या भक्कम खोक्यांतून. पुढे हीच खोकी भंगारात निघतात. झाडावरचं घर बांधायला इतकं हलकं, देखणं लाकूड दुसरीकडे शोधायची गरजच नाही! मात्र घेण्याआधी फळीवरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का बघा. त्यात ‘एचटी’ असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. तसलं लाकूड घेऊच नका, या घरात मुलं खेळणार आहेत.

आता झाड. ते उंच होतं शेंड्याकडून, म्हणून खोडातला बोल्ट वर्षानुवर्षं त्याच उंचीवर राहतो. खोड मात्र जाड होत जातं. त्यामुळे खोडाभोवती फट सोडायचीच. तार आवळून बांधणं सगळ्यांत वाईट, सालीतून खाली येणारा अन्नरस अडतो आणि झाड वाळतं.

माझी पसंती जुन्या आंब्याला किंवा चिंचेला. शेवगा नको, त्याची फांदी कडकन मोडते. भरवशाचं झाड नसेल, तर ज्वारीच्या राखणीला उभारतात तसं खांबांवरचं मचाण झाडालगत उभारा. शहरात असाल तर आधी पालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या.