हरवलेल्या आगकाड्या

बडोद्याच्या लहरीपुरा दरवाज्यातून दररोज हजारो माणसे ये-जा करतात. तेथून फारशा दूर नसलेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा एक तरुण एके काळी छायाचित्रण शिकला, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचे कर्ते म्हणून दादासाहेबांचा जयघोष आपण उत्साहाने करतो. परंतु त्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाची एक चिमुकली चित्रफीत केली, तिचे स्मरण अभ्यासकांखेरीज कोणास नाही.

निर्जीव वस्तूला पडद्यावर चालविण्याची युक्ती वरवर सोपी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी आहे. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाच्या काळातील सेकंदाला सुमारे १६ चित्रांचा हिशेब धरला, तर मिनिटभराच्या गमतीसाठी ९६० वेळा हात लावावा लागतो! अमेरिकेत ब्लॅक्टनने १९०० साली कागदावर बाटली रेखाटून ती कागदातून खरीखुरी उचलून दाखविली होती. जिवंत माणूस आणि रेघांचे चित्र एकाच पडद्यावर नांदू लागले ते अशा खटपटींतून. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ साली आगकाड्याच नाचविल्या. म्हणून दादासाहेबांना केवळ अनुकरण करणारे ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर एकेक चित्र घेत ‘अंकुराची वाढ’ टिपली. तीच फीत दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. भारतीय चित्रपटाचा पाया या एकेका चित्राच्या तपश्चर्येवर रचला गेला, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झाली, तेव्हा मोठे चित्रपट बाजूला ठेवून दादासाहेब अशा छोट्या फितींकडे वळले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) आपल्याला पाहावयास मिळतो. आगकाड्या मात्र गेल्या. आपले बहुतेक मूकपट असेच गेले: काही आगीत, काही कुजून, आणि काही तर आतली चांदी काढण्यासाठी वितळविले गेले. परकीय राजवटीच्या माथी हा दोष मारून मोकळे होता येणार नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी!

बडोदे-नाशिककडील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर एखादा गंजका डबा अद्याप पडला असल्यास तो भंगारवाल्यास देऊ नये, की हौसेने यंत्रावर चढवू नये. जुनी फिल्म चटकन पेट घेते. पुण्यास कळवावे. आणि कलाभवनाचा वारसा ज्या सयाजीराव विद्यापीठाकडे आला, त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडून ही हरवलेली मौज नव्याने करवून घ्यावी, अशी आमची सूचना आहे. खर्चाची सबब चालणार नाही. आगपेटी आज दोन रुपयांस मिळते.