शांत रस्ता, संथ सायकल आणि आपली शुगर



श्रीवर्धनहून आरावी, कोंडविल, शेखाडीवरून दिवेआगरला जाणारा समुद्राकाठचा रस्ता सुमारे 20 किलोमीटरचा आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि आडवारी सकाळी फारशी गाडी नाही. थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडचे सायकलवाले मुद्दाम इथे येतात. आपण दारात उभे राहून त्यांना पाहतो आणि म्हणतो, "श्रीमंतांचे शौक!" त्याच वाडीत आम्ही शुगर आणि बीपी तपासायला बसलो की गोळ्यांची पाकिटे घेऊन रांग लागते. व्यायाम काय करता, असे विचारले तर उत्तर येते, "कामातून वेळ कुठाय?" रस्ता आपल्या दारातला आणि त्याचा फायदा मात्र पाहुण्यांना. हे बदलता येईल, एवढेच या पानावर सांगायचे आहे.

आधी एक गैरसमज काढू. आम्ही शर्यतीबद्दल बोलत नाही. फ्रान्समध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठाने मोटारींना बंदी असलेल्या वाटा तयार केल्या आहेत. लोआर नदीच्या बाजूने तर सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातला बराच भाग मोटारींशिवायचा, बाकीचा कमी रहदारीच्या गावरस्त्यांचा. साठी उलटलेली माणसेसुद्धा कॅरियरला पिशव्या अडकवून तिथे फिरतात. कोणाला हरवायचे नसते. दमले की थांबायचे, गाव बघायचे, पुढे निघायचे. आपल्याकडे मोटारींना बंदी असलेली वाट नाही, पण सकाळी 6 ते 8 या वेळेत किनाऱ्याचा रस्ता जवळपास तसाच असतो. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या येतात, म्हणून तेव्हा अगदी लवकर निघावे किंवा त्या दिवशी जाऊच नये. म्हसळ्याकडचा रस्ता घाटाचा, एसटी आणि जड गाड्यांचा. नवशिक्याने तिकडे जाऊ नये.

रहदारी नसलेला रस्ताच का? एक, अपघाताची भीती कमी. दोन, गाड्यांचा धूर छातीत जात नाही. सायकल चालवताना आपण नेहमीपेक्षा खोल आणि जास्त श्वास घेतो, त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर धूरही जास्त आत जातो. तीन, मन शांत राहते आणि दोघी-तिघींना गप्पा मारत जाता येते. जे काम आनंदाने होते तेच टिकते.

शरीरात काय होते ते समजून घ्या. पाय चालू लागले की मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्यासाठी त्यांना इन्सुलिनची गरज कमी लागते. हा परिणाम साधारण एक दिवस, फार तर दोन दिवस टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदा खूप चालवण्यापेक्षा दिवसाआड थोडी चालवणे चांगले. बीपीच्या रुग्णाने नियमित व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरू शकतो. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. गुडघे दुखणाऱ्यांनाही सायकल मानवते, कारण अंगाचे वजन सीटवर असते, गुडघ्यावर नाही.

किती चालवायची? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी नाही. व्यायामाचेही तेच. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत. त्यांत आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हेही आहेत. देह हलता ठेवणे आपल्या परंपरेला परके नाही.

सुरुवात अशी करा :

• नवी, गिअरची सायकल लागत नाही. अडगळीत पडलेली जुनी सायकल बाहेर काढा. ब्रेकचे रबर, चेन, टायरमधली हवा तपासून घ्या. ब्रेक लागत नसेल तर उतारावर जायचेच नाही.

• सीटची उंची महत्त्वाची. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात.

• पहिला आठवडा 10 मिनिटे जाणे, 10 मिनिटे येणे. नंतर दर आठवड्याला 5 मिनिटे वाढवा. किलोमीटर मोजू नका. 20 किलोमीटरचा रस्ता एका दिवसात संपवायची कोणालाही घाई नाही.

• चढ आला की उतरा आणि सायकल ढकलत चाला. तोही व्यायामच आहे, त्यात लाज नाही.

• पाण्याची बाटली सोबत ठेवा. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात साडेआठच्या आत घरी या. पावसाळ्यात निसरडे रस्ते आणि दरडी असतात, तेव्हा घरातच व्यायाम करा.

• पायात चप्पल नको, बूट घाला. शक्य असेल तर हेल्मेट वापरा. अंधुक उजेडात भडक रंगाचा शर्ट किंवा ओढणी घ्या, पण ओढणी आणि साडीचा पदर चाकात जाणार नाही असा बांधा.

आता सावधगिरी. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी खाणाऱ्या माणसाची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. लगेच थांबा, 3 चमचे साखर किंवा तेवढाच गूळ खा आणि 15 मिनिटे बसा. बरे वाटले नाही तर पुन्हा खा. म्हणून शुगरवाल्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि उपाशीपोटी, एकट्याने जाऊ नये. घरी आल्यावर पायाचे तळवे बघा. शुगरमध्ये जखम झालेली कळत नाही.

बीपी 180/110 किंवा त्याहून वर असेल, पूर्वी हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालवताना छातीत दुखले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबून 108 ला फोन लावा. बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. 8 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग सायकल. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालवावी, भरपूर पाणी प्यावे आणि अंगाला ताण येईपर्यंत दमू नये.

मुलींच्या आयांसाठी दोन शब्द. सायकलने गर्भाशय सरकते, पुढे मूल होत नाही, असे अजूनही सांगितले जाते. हे खोटे आहे. पाळीतही बरे वाटत असेल तर सायकल चालवायला हरकत नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. त्यात मजूर बाया होत्या, दलित आणि मुस्लिम बाया होत्या. लोकांनी टोमणे मारले, तरी त्या थांबल्या नाहीत. पाणी आणणे, बाजार, दवाखाना यांसाठी नवऱ्याची किंवा एसटीची वाट पाहणे कमी झाले. आपल्या चळवळीलाही सायकल नवी नाही. कांशीराम यांनी डी.एस.फोरच्या कार्यकर्त्यांसह 1983 साली उत्तरेत सायकलयात्रा काढली होती.

काही तरुण मुले उत्साहाने म्हणतात, 20 मार्चला सायकलने महाडला जाऊ. तुमच्या भावनेचा आदर आहे. पण मार्चचे ऊन, घाट आणि जड गाड्यांची गर्दी यांत सराव नसलेल्याने जाऊ नये. 1927 साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी. रस्ताही सर्वांचा आहे. तो हक्क रोज सकाळी, आपल्याच वाडीपासून बजावता येतो.

हा शांतपणा कायमचा राहील असे समजू नका. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे काम चालू आहे. खाड्यांवर पूल झाले की या किनाऱ्यावर गाड्या वाढतील. रस्ता रुंद होताना पायी चालणाऱ्यांना आणि सायकलला कडेला वेगळी जागा ठेवा, वस्तीजवळ गतिरोधक द्या, ही मागणी ग्रामसभेत आत्ताच ठरावाने नोंदवावी. रस्ता झाल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

प्रत्येक विहारात येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. वाडीत किती सायकली आहेत ते मोजा, कोणाला शिकायचे आहे त्यांची नावे लिहा, दुरुस्तीला वर्गणी काढा. चार-पाच जणांचा गट करा आणि त्यात किमान दोन बाया असू द्या. निघण्याआधी प्रत्येकाची शुगर आणि बीपी वहीत लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला मुंबईहून येणाऱ्या मंडळींनाही त्यात घ्या. मुंबईच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पहाटे मोकळे असणारे मैदान किंवा गल्ली शोधावी, तिथेही हीच पद्धत चालते. वहीतले आकडे उतरलेले दिसले की बाकीची वाडी आपोआप मागे येईल.