खांदेरीचा दिवा

डोंबिवलीहून पहाटेची लोकल, गेटवेवरून मांडव्याची लाँच, तिथून रिक्षाने थळ आणि मग कोळ्याची होडी. खांदेरीला मी प्रथम गेलो तो किल्ला पाहायला. उंचवट्यावरचे दीपगृह मला तेव्हा नकोसे वाटले. शिवकाळाच्या तटात साहेबाने ठोकलेली खुंटी, अशी एकच ओळ त्या वेळच्या नोंदवहीत आहे. ती चुकीची होती, हे समजायला बरीच वर्षे गेली.

1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तट बांधायला घेतला. मुंबई बंदरात शिरणारे गलबत इथून दिसते, म्हणून इंग्रज हादरले. केग्विनला ‘रिव्हेंज’ जहाज देऊन त्यांनी काम अडवू पाहिले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी ते अडू दिले नाही. पुढे 188 वर्षांनी, 1867 मध्ये, इंग्रजांनी त्याच बेटावर दिवा लावला.

जागा तीच का, याचे उत्तर मला बखरींत नव्हे, शाळेच्या भूमितीत सापडले. पृथ्वी वाटोळी असल्याने 50 मीटर उंचीवरून समुद्राचे क्षितिज सुमारे 27 किलोमीटरवर असते. टेहळ्याला तिथवरचे पाणी दिसते. आणि तिथल्या पाण्यावरून खलाशाला त्या उंचीवरचा दिवा दिसतो. रेषा एकच. गोव्यात आग्वादचा किल्ला 1612 चा, त्यातले दीपगृह 1864 चे. कोर्लईला तर स्वतंत्र भारताने, 1955 मध्ये, पोर्तुगीज किल्ल्याखालच्या उतारावर दीपगृह उभारले.

नुसता उजेड मात्र खलाशाच्या कामाचा नसतो. दिवा कोणता, हे कळावे लागते. म्हणून प्रत्येकाची उघडझाप वेगळी ठरवलेली आणि सागरी नकाशावर छापलेली असते. ती मोजली की आपण कुठे आहोत हे कळते. जीपीएस बंद पडले तरी हा हिशेब चालतो.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी आहे. आता धक्क्यावर माहितीफलक लागतील. दीपगृह हा किल्ल्यावरचा डाग आहे, असे म्हणणारे दुर्गप्रेमी मला भेटतात (मीही त्यांतलाच होतो). त्यांच्या धाकाने फलकावर दिव्याला जेमतेम अर्धी ओळ मिळेल, अशी मला भीती वाटते. तट का बांधला हे सांगताना दिवा का लावला हेही सांगितले, तर जास्तीचे चारच शब्द लागतील.

पावसाळ्यात थळच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर समुद्र निवळला की जावे. बेटावरून परतल्यावर लगेच गाडी पकडू नये. थळच्या वाळूत अंधार पडेपर्यंत बसून, घड्याळ हातात धरून झोत मोजावेत.